शर्यतीच्या गाडीची नवी घडण

पश्चिम महाराष्ट्रात बैलगाड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना शर्यतीचा छकडा आणि शेतातली बैलगाडी यांतील भेद निराळा सांगावा लागत नाही. ओझ्याची गाडी जड, संथ आणि भक्कम असते. छकडा हलका, आटोपशीर आणि केवळ वेगासाठी घडविलेला असतो. शर्यतीचे तापट खोंड ओझ्याच्या गाडीला जुंपले, तर ते धावणार नाहीत असे नाही. ते अवश्य धावतील. परंतु थोड्याच अंतरावर चाक निखळेल, नाही तर आख मोडेल, आणि दोष मात्र बिचाऱ्या बैलांच्या माथी येईल. गाडीवानाला हे ज्ञान वडिलांकडून मिळालेले असते. बैल बदलायचे तर गाडीही बदलावी लागते, हे त्याला कोणी शिकवीत नाही.

बैलांच्या जागी इंजिन आले तरी हा नियम पालटलेला नाही. जुनी मोटार घ्यावी, तिचे मूळचे इंजिन उतरवून दुसरे जोरदार इंजिन बसवावे, त्यावर टर्बोचार्जर चढवावा आणि अशी गाडी शर्यतीच्या मार्गावर उतरवावी, हा छंद आज आपल्या देशातील अनेक तरुणांना जडला आहे. छंद खर्चाचा आहे, कष्टाचा आहे आणि निष्काळजी माणसाच्या हाती तो जिवावर बेतणाराही आहे. त्याचे मर्म जाणून घ्यायचे, तर चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या तांबरम या उपनगरासारखे दुसरे ठिकाण सहसा सापडणार नाही.

मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील बीच स्थानकापासून तांबरमपर्यंतची मीटरगेज लोहमार्गाची वाट १९३१ साली विजेवर चालू लागली. येथेच भारतीय हवाई दलाचे विमानतळ आहे आणि १९५४ पासून उड्डाण-प्रशिक्षकांची शाळाही येथे आहे. म्हणजे यंत्राचा आवाज या गावाला नवा नाही. तांबरमच्या पुढचे स्थानक पेरुंगळत्तूर आणि त्याच्या पुढचे वंडलूर. या पट्ट्यात, दक्षिणेकडे जाणाऱ्या थोर राजमार्गाच्या कडेला, एके काळी स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत भारतात मोटारी बनविणाऱ्या ज्या मोजक्या कंपन्या होत्या, त्यांत मुंबईची प्रीमियर, कलकत्त्याजवळची हिंदुस्थान आणि मद्रासची ही स्टँडर्ड, ही तीन नावे घराघरांत ठाऊक होती. अँबॅसडर, फिअट आणि हेरल्ड या त्यांच्या गाड्यांनी एका संपूर्ण पिढीचे प्रवास, बदल्या आणि लग्नाच्या वराती पाहिल्या.

यांपैकी स्टँडर्ड हेरल्ड १९६१ साली या कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिचे इंजिन अवघे ९४८ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती. आजच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलीलाही ही शक्ती थोडी वाटेल. तथापि कारागिरांना हेरल्ड प्रिय होण्याचे कारण तिची शक्ती नव्हे. तिची रचना होय. त्या काळच्या बहुतेक नव्या गाड्यांत पत्र्याचा सांगाडा आणि चौकट एकजीव होत चालले होते. हेरल्डची चौकट मात्र निराळी होती आणि अंग तिच्यावर बोल्टांनी जखडलेले होते. शिवाय तिचा पुढचा संपूर्ण भाग, चाकांवरील पंखांसह, एकाच झाकणासारखा पुढे कलंडत असे. तो उघडला की इंजिन, पुढची चाके, सुकाणूचे दांडे, सारे काही चहूबाजूंनी मोकळे होई. कारागिराला पुढच्या चाकावर बसून काम करता येत असे. ज्या गाडीत हात सहज पोहोचतो, त्या गाडीत माणूस हात घालतोच. इंजिन बदलण्याचा मोह अशा गाडीने उत्पन्न केला तर त्यात नवल नाही.

हा मोह पुरा करण्याचे स्थळही मद्रासजवळच होते. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला. शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक विमान-धावपट्टी पडून होती. ज्या फरसबंदीवरून युद्धाची विमाने उडावयाची, तिच्यावर शांततेच्या काळात मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, आणि पुढे कित्येक वर्षे शोलावरमचे नाव हे भारतीय मोटार-शर्यतींचे दुसरे नावच होऊन बसले. तेथे संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या परदेशी गाड्या येत, तशाच साध्या फिअट आणि हेरल्डसारख्या गाड्याही येत. परदेशातून सुटे भाग आणणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. आयातीवर निर्बंध होते, परकीय चलन दुर्मिळ होते. म्हणून स्पर्धकांचे खरे सामर्थ्य त्यांच्या लेथवर होते. भंगारातून आणलेला दांडा घासून, दुसऱ्या गाडीचे कार्बोरेटर बसवून, हेडचा पृष्ठभाग खरवडून इंजिनातून आणखी चार-दोन अश्वशक्ती काढणारे कारागीर या धावपट्टीने घडविले. पुढे १९९० साली चेन्नईच्या पश्चिमेस, बंगळूरच्या रस्त्यावर श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टै येथे क्लबचा स्वतःचा मार्ग सुरू झाला. त्याची पूर्ण लांबी ३.७१७ किलोमीटर आहे. विमानाच्या धावपट्टीला वळणे नसतात. शर्यतीसाठी ती पिंपे मांडून निर्माण करावी लागतात. येथे मात्र वळणे मुळातच आखलेली आहेत, आणि वळणांची परीक्षा ही केवळ इंजिनाची परीक्षा कधीच नसते.

इंजिन एकाचे आणि अंग दुसऱ्याचे, हा प्रयोग केवळ हौशी मंडळींनीच केला असे नाही. कारखान्यांनीही तो केला, आणि त्यांचे यशापयश बोधप्रद आहे. १९८५ साली पेरुंगळत्तूरच्याच कारखान्याने स्टँडर्ड २००० नावाची गाडी बाजारात आणली. तिचे अंग ब्रिटनच्या रोव्हर एसडी वन या गाडीचे. ही रोव्हर १९७७ सालची युरोपातील सर्वोत्कृष्ट मोटार ठरली होती आणि तिच्या सर्वांत जोरदार प्रकारात साडेतीन लीटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. भारतात मात्र त्याच देखण्या अंगात जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या इंजिनावरून बेतलेले, सुमारे दोन लीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन बसविण्यात आले. रूप विमानाचे आणि जोर मालगाडीचा, अशी तिची अवस्था झाली. किंमत भारी, धाव मंद. १९८८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि तिच्याबरोबर मद्रासच्या या मोटार-उद्योगाचा एक अध्यायही संपला.

त्याच १९८५ साली मुंबईच्या प्रीमियर कंपनीने ११८ एनई ही गाडी आणली. तिचे अंग इटलीच्या फिअट १२४ चे, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे जुने. परंतु इंजिन जपानच्या निसान कंपनीचे, ११७१ घन सेंटिमीटरचे. नावातील एनई ही अक्षरे त्या निसान इंजिनाचीच. अंग हलके, इंजिन चपळ आणि गिअरची पेटीही त्याच इंजिनाला साजेशी. गाडी फार दिमाखदार नव्हती. पण ती चालली, पुष्कळ वर्षे चालली, आणि शर्यतींतही धावली. दोन्ही प्रयोगांत परक्या घरचे इंजिन परक्या घरी नांदावयास आले होते. एका घरी ते रुळले, दुसऱ्या घरी रुळले नाही. जोडीदार थोर असून भागत नाही. जोडी जमावी लागते.

ही जोडी जमविण्याची कला आपल्या देशात कोणी सर्वांत सुंदर रीतीने दाखविली असेल, तर ती कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी. मारुती ८०० या गाडीचे ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन घराघरांत पोहोचलेले होते. करिवर्धन यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे साधे इंजिन नळ्यांच्या हलक्या चौकटीच्या, एकाच आसनाच्या शर्यतीच्या गाडीत बसविले. तिला फॉर्म्युला मारुती म्हणू लागले. इंजिन तेच, शक्ती चाळिशीच्या आसपास. परंतु वजन इतके कमी आणि बैठक इतकी खाली, की त्या गाडीत वेगाची खरी विद्या शिकता येई. पुढे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय चालक नारायण कार्तिकेयन यांनी आपली पहिली पावले याच गाडीत टाकली. करिवर्धन यांचा १९९५ साली हवाई अपघातात मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेला धडा असा, की शक्ती थोडी असली तरी चालेल, पण तिला साजेसे शरीर हवे.

आता टर्बोचार्जरकडे वळावे. त्याची कल्पना मुळात सोपी आहे. इंजिनात जितकी हवा शिरेल, तितके इंधन जळेल, आणि जितके इंधन जळेल, तितकी शक्ती मिळेल. साधे इंजिन आपल्या श्वासाने हवा ओढते. टर्बोचार्जर त्याला फुंकून हवा देतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. तो एका चक्राच्या पात्यांवर सोडला की चक्र फिरते, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटते. भाता फुंकण्यासाठी लोहाराने निराळा माणूस ठेवला नाही, भट्टीच्याच धगीने भाता चालविला, असा हा प्रकार. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मिळविले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोचार्जरने त्याची शक्ती कशी टिकते ते सिद्ध केले. म्हणजे हे यंत्र प्रथम गरुडाच्या पंखांसाठी निघाले आणि मग घोड्याच्या टापांना लाभले.

सर्वसामान्यांच्या मोटारीत ते आले १९६२ साली. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर ही अशा पहिल्या गाड्यांपैकी एक. तिच्या इंजिनाला दाबलेल्या हवेची धग सोसवावी म्हणून निर्मात्यांनी शुद्ध पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण थोडे थोडे आत सोडण्याची सोय केली होती. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरावयाची होती. पुष्कळ मालकांनी ती भरलीच नाही. अखेर कंपनीला कित्येक गाड्यांवरील टर्बोचार्जर उतरवून त्यांच्या जागी साधे कार्बोरेटर बसवून द्यावे लागले. यंत्र उत्तम होते. ते वापरणाऱ्याची शिस्त अपुरी पडली. शर्यतीच्या जगातही असेच घडले. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे टर्बोचार्जर असलेली गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरविली, तेव्हा ती इतक्या वेळा धूर ओकत थांबे, की लोक तिला पिवळी चहाची किटली म्हणून हसत. दोन वर्षे हसे सोसून १९७९ साली तिने फ्रान्सच्या स्वतःच्याच भूमीवर पहिला विजय मिळविला. त्या दोन वर्षांत इंजिनाची शक्ती वाढविण्यापेक्षा ते जळू न देण्यावरच अधिक कष्ट खर्ची पडले.

आता समजा, तांबरमच्या एखाद्या लहानशा कारखान्यात अशीच एक जुनी हेरल्ड आली आहे. मालकाच्या मनात मारुती जिप्सीचे १२९८ घन सेंटिमीटरचे इंजिन तिच्यात बसवावयाचे आहे. निवड शहाणपणाची आहे. कारण जिप्सीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि हेरल्डप्रमाणेच मागची चाके फिरवू शकते. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांचे आडवे इंजिन येथे सहज बसले नसते. जिप्सीच्या इंजिनाची शक्ती ऐंशी अश्वशक्तीच्या आसपास. त्यावर टर्बोचार्जर चढवून ती एकशे चाळीसच्या घरात न्यावयाची, असा बेत आहे. म्हणजे मूळ गाडीच्या चौपट शक्ती.

जाणता कारागीर आरंभ इंजिन खोलण्यापासून करतो. प्रत्येक भाग धुऊन, क्रमाने मांडून, मोजून घेतला जातो. सिलिंडर गोल आहेत की लंबगोल झाले आहेत, हे मोजपट्टीने कळत नाही. त्यासाठी मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखविणारे मापक लागते. क्रँकच्या दांड्यात डोळ्यांना न दिसणारी चीर आहे का, हे चुंबकीय परीक्षेने तपासावे लागते. कारण साध्या गाडीत ती चीर दहा वर्षे निजून राहील, शर्यतीत ती दहा मिनिटांत जागी होईल. ओतीव पिस्टनांच्या जागी घडीव पिस्टन येतात. टर्बोची धग लागल्यावर धातू अधिक प्रसरण पावतो, म्हणून पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमधील फट थोडी अधिक ठेवावी लागते. ती कमी पडली तर टोके एकमेकांना भिडून पिस्टन फुटतो. इंजिनाच्या आतील दाबाचे प्रमाणही थोडे उतरवावे लागते. जे नऊ किंवा साडेनऊ पट असेल ते साडेआठच्या आसपास आणले जाते. ज्याला पुढे अधिक खायला घालायचे, त्याचे पोट आधी थोडे रिकामे ठेवावे, असाच हा व्यवहार आहे.

यानंतरचा प्रश्न उष्णतेचा, आणि तांबरमच्या हवेत तोच सर्वांत बिकट. मे महिन्यात येथे पारा चाळिशीला टेकतो. एरवीही पस्तीस अंश ही नित्याची गोष्ट. पंधरा अंशांच्या थंड हवेच्या मानाने पस्तीस अंशांची हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते. तितकी शक्ती काम सुरू होण्यापूर्वीच गेलेली असते. हवा दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाने प्रत्येकाला शिकविलेले आहे. पस्तीस अंशांची हवा टर्बोचार्जरने वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, तर तिचे तापमान सुमारे एकशे तीस अंशांवर जाते. पाणी उकळेल इतकी गरम ही हवा जशीच्या तशी इंजिनात शिरली, तर दाब दुप्पट होऊनही हवेचे प्रमाण केवळ दीडपटच वाढते. आणि त्याहून वाईट म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकू लागते. कारागीर यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून ती खडे वाजल्यासारखी कुरकुर ऐकू येते. आत मात्र पिस्टनवर हातोडे पडत असतात. म्हणून दाबलेली हवा गाडीच्या तोंडाशी बसविलेल्या जाळीदार शीतकातून फिरवून साठ अंशांच्या आसपास आणावी लागते. तेव्हा तीच हवा पावणेदोनपटीहून थोडी अधिक भरते. हा शीतक टर्बोचार्जरचा अलंकार नाही, त्याचा प्राण आहे. आणि तो बसविण्यासाठी पाण्याच्या रेडिएटरला मिळणारा वारा अडवू नये, याची चिंता पुन्हा निराळी.

इंधनाचा हिशेबही बदलतो. साध्या वेळी एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. टर्बोच्या पूर्ण दाबाखाली हेच प्रमाण साडेअकरा ते बारा भागांवर आणतात. म्हणजे पेट्रोल मुद्दाम थोडे अधिक दिले जाते, आणि त्या अधिक पेट्रोलाचे काम जळण्यापेक्षा आतली धग शमविणे हे असते. ठिणगीची वेळही थोडी मागे ओढावी लागते. आज हे सारे संगणकावर ठरते. परंतु संगणकाला काय सांगावे, हे इंजिनापाशी बसून, आकडे आणि आवाज दोन्ही ऐकून ठरविणारा माणूस अद्याप लागतोच. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याच्या एका अंगास आठशे ते नऊशे अंशांचा धूर असतो. त्याला तेलाचा अखंड पातळ पडदाच तोलून धरतो. शर्यत संपताच चालकाने इंजिन एकदम बंद केले, तर तो प्रवाह थांबतो, उरलेले तेल त्या धगीत कोळशासारखे थिजते आणि बेअरिंग मरते. म्हणून धावून आलेल्या घोड्याला जसे हळूहळू फिरवितात, तसे इंजिन मिनिट-दोन मिनिटे संथ चालवून मग थांबवावयाचे असते.

येथवर मालक आनंदात असतो. इंजिन गर्जते आहे, पैशाचा मोबदला डोळ्यांना दिसतो आहे. खरी कसोटी यापुढे आहे. कारण यापुढील कामात गर्जना नाही आणि थैली मात्र जवळजवळ रिकामी झालेली असते. चौपट शक्ती क्लचमधून, गिअरपेटीतून, लांब दांड्यातून आणि मागच्या आखातून जाणार आहे. हेरल्डचे हे सर्व अवयव पस्तीस अश्वशक्तीसाठी जन्मलेले. त्यांतील एकही मूळचा राहू शकत नाही. त्यातही हेरल्डच्या मागच्या चाकांची मूळ रचना अशी, की जोरात वळताना गाडी उचलली गेली तर बाहेरचे चाक आत दुमडू पाहते आणि गाडी एकाएकी घसरते. पेरुंगळत्तूरच्या कारखान्यानेच पुढे १९७० नंतरच्या दशकात आपल्या गझेल या गाडीला सरळ, अखंड आख दिला. ज्या कारखान्याने गाडी घडविली, त्यानेच तिची ही रचना बदलली; तेव्हा ती तशीच ठेवून चौपट शक्तीने वळण घेणे म्हणजे जाणूनबुजून दैवाला आव्हान देणे होय.

ब्रेकचे गणित तर याहून कठोर आहे. गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटरवरून एकशे चाळीसवर गेला, की वेग केवळ चाळीस टक्क्यांनी वाढला असे वाटते. परंतु गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते; म्हणून ती जवळजवळ दुप्पट होते. ही दुप्पट ऊर्जा प्रत्येक वळणापूर्वी ब्रेकने उष्णतेत रूपांतरित करून हवेत सोडावयाची असते, आणि शर्यतीत असे वळण काही सेकंदांनी पुन्हा समोर उभे राहते. जुने ड्रमचे ब्रेक दोन-चार वळणांत तापून निकामी होतात. समुद्रकाठच्या दमट हवेत ब्रेकचे तेल ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि ते नळीतच उकळले की पायाखालचा पेडल रिकामा जातो. त्या एका क्षणी एकशे चाळीस अश्वशक्तीचा काडीइतकाही उपयोग नसतो. चालकाभोवती उभारावयाचा पोलादी नळ्यांचा पिंजरा, आसनाचे पट्टे, विझविण्याचे साधन, पेट्रोलच्या टाकीची जागा, या गोष्टींनी घड्याळाचा एक सेकंदही कमी होत नाही. म्हणून त्या शेवटी ठेवण्याचा मोह सर्वांना होतो. उत्तम कारागीर ओळखावा तो येथे. जो पिंजरा आणि ब्रेक पुरे होईपर्यंत टर्बोचार्जरचे खोके उघडूही देत नाही, त्याच्या हाती गाडी आणि चालक दोन्ही सुरक्षित असतात.

या विषयाची आणखी एक बाजू दृष्टीआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेपासून ढळेल असा बदल करून गाडी रस्त्यावर चालविण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. कोणी म्हणेल, कायद्याने हौशीचा गळा घोटला. वस्तुतः तसे नाही. शर्यतीचा मार्ग आहे, त्यावर परीक्षक आहेत, बाजूला रेती आणि टायरांचे अडथळे आहेत, रुग्णवाहिका उभी आहे. राजमार्गावर यांपैकी काही नाही. तेथे आहे तो घरी निघालेला कामगार, सायकलवरचा विद्यार्थी, रस्ता ओलांडणारी म्हातारी. टर्बोचार्जर लावलेली गाडी मध्यरात्री रस्त्यावर पळविणारा तरुण स्वतःचा जीव पणाला लावतो असे समजतो. पण पणाला लागलेला जीव बहुधा दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्याला शर्यत लागली आहे हे कोणी सांगितलेलेही नसते.

आज टर्बोचार्जर ही नवलाई राहिलेली नाही. पुण्याजवळच्या रांजणगावी बनलेल्या फिअट लिनियाच्या टी-जेट प्रकारात तो २०१० पासून होता. चाकणला बनलेल्या पोलो गाडीतही होता. कारखान्यातून तो येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा शीतक, त्याचे ब्रेक, त्याचे आख, सारे घराणे येते. छंदिष्ट मनुष्य बाजारातून एकटा टर्बोचार्जर आणतो, आणि घराणे मागे राहते. ते घराणे एक एक करून जमविणे, हीच या कलेची साधना. त्यात कधी एक वर्ष जाते, कधी तीन जातात. पेरुंगळत्तूरचा स्टँडर्डचा कारखाना आता उरलेला नाही. हेरल्ड मात्र कोठे कोठे अजून जपलेल्या आहेत, आणि त्यांचे पुढचे झाकण कलंडले की वाकून पाहणारे तरुणही आहेत.

त्या तरुणांना सांगावे असे फार थोडे आहे, आणि ते गावाकडच्या गाडीवानाने केव्हाच सांगून ठेवलेले आहे. खोंड घ्यायला सगळेच धावतात. शर्यत जिंकतो तो मात्र आधी छकडा नीट करून, आख हाताने चाचपून, कासरा ओढून पाहून मगच जू खांद्यावर ठेवणारा.